जाळीदार साग

सागाची जाळीदार पानं सुंदर दिसली, म्हणून मी ती रानातून अळ्यांसकट घरी आणली. मनसोक्त मिरवून परसात टाकली. तिथे बायकोने लावलेली सागाची रांग होती आणि सावलीत तिची मिरवेलीची कोवळी रोपं. आधी कडेचं झाड जाळीचं झालं, मग शेजारचं. अळ्यांचे पतंग झाले, पतंगांच्या पुन्हा अळ्या, आणि बघता बघता अख्खी रांग. काय ती चाल! गावातली बातमीसुद्धा मधली घरं वगळते. अळी शेजारधर्म सोडत नाही. हरखून मी बायकोला म्हटलं, "अगं, बघ तरी, ऊन कसं चाळणीतून आल्यासारखं पडतंय."

उन्हाने माना टाकलेली रोपं उचलत ती म्हणाली, "आता सावलीला तुम्हीच उभे राहा. नाहीतरी दुसरा काही उपयोग नाही तुमचा."