मंगळाचे कालवे आणि झेलिंदाचं शेत

माणूस कळायचा असेल तर त्याच्याबरोबर प्रवास करावा, असं म्हणतात. मी न्हावी आहे. मी म्हणतो, त्याच्या गळ्यावर वस्तरा धरावा. तेव्हाही ज्याचं तोंड बंद होत नाही, तो जातिवंत बडबड्या. आमच्या रोवासेल्ला गावात असा एकच होता, एवाझिओ रांगिनो. गावचा औषधवाला.

त्याचं दुकान माझ्या दुकानासमोर. त्याला सगळे ‘दोत्तोरे’ म्हणत. डॉक्टर तो नव्हता, पण आमच्याकडे ज्याच्या सदऱ्याच्या बाह्या पांढऱ्या आणि हाताला चिखल नाही तो दोत्तोरेच. जुलाबाची पूड, खोकल्याचं सरबत आणि वेर्चेल्ली शहराहून आलेलं वर्तमानपत्र, या तीन गोष्टी त्याच्याकडे हमखास मिळत. चौथी गोष्ट म्हणजे मंगळ. ती न मागता मिळे.

मिलानच्या वेधशाळेतल्या कुणा थोर माणसानं मंगळावर रेघा पाहिल्या आणि त्यांना ‘कनाली’ म्हटलं, तेव्हापासून हे सुरू झालं. आमच्या भाषेत हा शब्द मोठा बेरकी आहे, एकच असेल तर कनाले. आपोआप वाहणारा ओढा तोही कनाले, फावड्यानं खणलेला पाट तोही कनाले. दुसरीकडचे लोक यावर डोकं खाजवत बसले असतील, आमच्याकडे तो प्रश्नच नव्हता. आमचा मुलूख भाताचा. इथं पाणी म्हणजे कुणीतरी खणलेलं, कुणीतरी वळवलेलं आणि शेजाऱ्यानं चोरलेलं. आपणहून वाहणारं पाणी आम्ही फक्त छपरातून गळताना पाहिलंय. त्यामुळे मंगळावर कनाली आहेत म्हटल्याबरोबर अख्ख्या गावाच्या मनात एकच विचार आला: अरे बापरे, म्हणजे तिथंही पाटकरी आहे!

दोत्तोरेनं दुर्बीण मागवली, दुकानाच्या गच्चीवर बसवली आणि गावाला बोलावलं. मीही गेलो. डोळा लावला. मसुराचा एक दाणा दिसला, थरथरणारा.

“काय दिसतं, देफेंदेंते?”

“मसूर, दोत्तोरे.”

“नीट बघ. मन लावून बघ.”

मन लावूनही मसूरच. माझ्यामागे पाववाला होता. तो लबाड. त्यानं डोळा टेकवता क्षणी आरोळी ठोकली, “रेघा! सरळ रेघा!” दोत्तोरेनं आनंदानं त्याला वेर्मूतचा, म्हणजे गोड दारूचा, पेला भरून दिला. मग काय विचारता! त्या आठवड्यात गावातल्या झाडून सगळ्यांना कालवे दिसले. ज्यांनी दोन पेले घेतले त्यांना एकेका कालव्याच्या जागी दोन-दोन दिसले. दोत्तोरे तर हर्षानं वेडा व्हायचा बाकी राहिला, कारण मिलानहूनही म्हणे तेच कळवलं होतं, की काही कालवे जोडीनं दिसतात.

विरोधात एकटे पाद्रीबाबा कालिस्तो. देवानं आदमला एकदाच घडवलं, त्याचंच पुढं काय झालं ते आपण पाहतो, तेव्हा दुसऱ्या ग्रहावर तीच चूक तो परत कशाला करील, असं त्यांचं म्हणणं. मंगळावरच्या रेघा म्हणजे भेगा. वाळलेल्या चिखलाला पडतात तशा. दोघं माझ्याच दुकानात भांडत. एकाच्या तोंडाला साबण, दुसऱ्याचं डोकं अर्धं भादरलेलं.

“भेगा वाकड्या असतात, बाबा! निसर्गाला सरळ रेघ काढता येत नाही. सरळ रेघ दिसली की समजावं, मागे अक्कल आहे.”

“तुमच्या भांगात सरळ रेघ आहे, दोत्तोरे. तिच्यामागे काय आहे ते आम्ही रोज पाहतो.”

असा दोन वर्षं धुरळा उडाला. गाव दोन तटांत वाटलं गेलं. दोत्तोरे वेर्चेल्लीच्या सभागृहात व्याख्यान देऊन आला. तिथल्या वर्तमानपत्रानं त्याला ‘मंगळाचा आमचा डोळा’ म्हटलं. तो कागद त्यानं चौकटीत घालून जुलाबाच्या पुड्यांच्या वर टांगला. आता माणूस जमिनीवर चालेना.

जमीन मात्र त्याला होती, आणि चांगली होती. खरी गोष्ट इथं सुरू होते.

आमच्या गावाला एक पाट पाणी देतो. वरच्या अंगाला तो दोत्तोरेच्या जमिनीतून येतो आणि एकेका शेताला पाणी देत शेवटी झेलिंदाच्या शेतात संपतो. झेलिंदा विधवा. नवरा हिवतापानं गेला. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. ते शेपटाकडचं एक शेत सोडलं तर तिच्यापाशी दोन हात आणि एक गाढव. दोत्तोरेच्या हद्दीत पाटाचा गाळ पिढ्यानपिढ्या काढलेला नव्हता. तळ वर आला, काठावर त्याच्या बापानं चिनार लावले, त्यांची मुळं पाण्यात शिरली. पाणी तिथं तुंबे आणि काठ ओलांडून आयतं दोत्तोरेच्याच भातात उतरे. शेपटाला ओल पोचली तर पोचली.

कायदा सोपा होता. पाट माणसानं खणलेला असेल तर ज्याच्या हद्दीतून जातो त्यानं गाळ काढायचा. ओढा नैसर्गिक असेल तर सरकारनं. आणि सरकार गाळ काढणार म्हणजे गाळानं आपणच उठून जावं, अशी वाट पाहायची. पाट कुणी खणला याचे कागद कधीकाळी फ्रेंच शिपायांनी शेकोटीला लावले होते. तेव्हा रांगिनो घराण्याचं पिढीजात म्हणणं असं, की हा ओढा नैसर्गिक आहे. बापाचं तेच, मुलाचं तेच.

होय, तोच मुलगा. निसर्गाला सरळ रेघ काढता येत नाही म्हणणारा. आणि आमचा पाट चर्चच्या मनोऱ्यापासून चिनारांपर्यंत ताणलेल्या दोरीसारखा सरळ. कोट्यवधी कोसांवरची रेघ त्याला दिसे, उंबऱ्याबाहेरची दिसत नसे. मी हे त्याला तोंडावर कधी बोललो नाही. गिऱ्हाईक होतं ना.

त्या उन्हाळ्यात मंगळ फार जवळ आला आणि पाऊस फार लांब गेला. झेलिंदाच्या भाताची पाती पिवळी पडायला लागली. हे पीक गेलं तर शेत जाणार आणि तिला परक्याच्या भातात गुडघाभर पाण्यात वाकून रोजानं बेणणी करावी लागणार, हे साऱ्या गावाला माहीत होतं. शेत कोण घेणार तेही माहीत होतं. दोत्तोरेनं तिला दोनदा विचारून झालं होतं, अगदी गोड आवाजात, खोकल्याच्या सरबतासारखं.

एके दिवशी ती गच्चीवर आली. माणसं जमली होती. तिनं दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

“दिसतात ना कालवे?” दोत्तोरेनं विचारलं.

“दिसतात की. दोत्तोरे, तिथं शेवटचं शेत कुणाचं?”

असा शहाणा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. तो फुलून आला. “तिथं शेवटचं शेत असं नाहीच, झेलिंदा! ध्रुवावरचं बर्फ वितळतं आणि पाणी सगळ्यांना सारखं पोचतं. टोकापर्यंत! केवढी ती एकी, केवढी ती शिस्त!”

“आणि गाळ कोण काढतं?”

“ज्याच्या हद्दीतून कालवा जातो तो. सुसंस्कृत लोक आहेत ते!”

“बरं झालं कळलं,” ती म्हणाली. वेर्मूत न पिता खाली उतरली आणि दुसऱ्या दिवशी गाढवावर बसून वेर्चेल्लीच्या कोर्टात गेली.

जुलैच्या शेवटी न्यायाधीश स्वतः पाट बघायला आले. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, इथं कोर्टच चिखल तुडवत आलं. गाव काठावर जमलं. झेलिंदाच्या बाजूनं साक्षीला कोण, तर पाद्रीबाबा! चर्चची जमीन तिच्या शेजारीच होती, तीही वाळत होती. बाबांनी हात उंचावून सांगितलं, की इतका सरळ पाट नैसर्गिक असूच शकत नाही, जुन्या मठवासीयांनीच तो खणला. दोन वर्षं मंगळावर जे देवाचं होतं ते इथं येताच माणसाचं झालं. आणि दोत्तोरेनं छातीवर हात ठेवून सांगितलं, की बाबा भोळे आहेत, पाण्याला उतार मिळाला की ते सरळ वाहतं, यात माणसाचा हात शोधणं म्हणजे अंधश्रद्धा. माझ्याशेजारी पाववाला कुजबुजला, “देफेंदे, यांची तोंडं बदलली की टोप्या?” मला हसू आलं आणि चीडही आली. पलीकडे झेलिंदा उभी होती, मुठीत वाळलेल्या पातीची जुडी. तिला काही हसू येत नव्हतं.

न्यायाधीश म्हातारे, सज्जन, जाड भिंगांचे. त्यांनी टोपी काढली. आम्हाला वाटलं, निकाल देतात.

“दोत्तोरे रांगिनो,” ते म्हणाले, “तुमचं व्याख्यान मी पहिल्या रांगेत बसून ऐकलंय. त्यातलं एक वाक्य मी घरी बायकोला पाठ म्हणून दाखवतो. निसर्गाला सरळ रेघ काढता येत नाही.”

दोत्तोरे सवयीनं वाकला.

“माझ्या क्लबातली मंडळी मला हसतात. म्हणतात, मंगळावरचं पाणी आपोआपच सरळ वाहत असेल. मी तुमचं नाव सांगून त्यांची तोंडं बंद करतो. आता तुम्ही म्हणता, उतार मिळाला की पाणी सरळ वाहतं. तसं असेल तर मला त्यांची माफी मागावी लागेल. मी खोचक बोलत नाहीये. मला खरंच जाणून घ्यायचंय.”

आणि ते खरंच खोचक बोलत नव्हते. म्हाताऱ्याचे डोळे भिंगांमागे पाण्यानं भरलेले होते.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी दोत्तोरेची गत झाली. तो वाकून पाटात काहीतरी शोधायला लागला.

“इथं... इथं थोडं वळण आहे,” तो म्हणाला.

“कुठं?” गाव ओरडलं.

“तिथं. त्या बेडकाजवळ.”

सगळ्यांनी पाहिलं. बेडूक उडी मारून गेला. वळण नव्हतं.

“तर मग मंगळावरही थोडी वळणं असतील?” न्यायाधीशांनी हळूच विचारलं.

“नाहीत!” दोत्तोरे किंचाळला. “एकही वळण नाही! मी डोळ्यांनी पाहिलंय!” मग त्यानं चिनारांकडे पाहिलं, आपल्या हिरव्यागार भाताकडे पाहिलं, आणि बापाचं, आजोबाचं सगळं एका वाक्यात बुडवलं. “हाही खणलेला आहे. लिहून घ्या. बुद्धिमान हातांनी खणलेला आहे!”

झेलिंदा मटकन काठावर बसली. गावात कुणी म्हणालं, दोत्तोरेला देव आठवला. कुणी म्हणालं, विधवेची दया आली. साफ खोटं. तिच्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. भले म्हणून मिरवणाऱ्यांनी तिला घोटभर पाणी दिलं नव्हतं, ते या माणसाच्या गर्वानं दिलं. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल माया वाटली आणि मी स्वतःवरच चिडलो.

चिनार पडले. आठवडाभर गडी गाळ उपसत होते आणि दोत्तोरे काठावर उभा राहून मंगळावर हेच काम यंत्रं कशी करतात ते त्यांना सांगत होता. त्यांनी फावडी त्याच्या डोक्यात घातली नाहीत, हे त्यांचे उपकार. पाणी शेपटाला पोचलं. झेलिंदाचं निम्मं पीक वाचलं आणि शेत सगळं वाचलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी, आम्ही सगळे पिकलो तेव्हा, वर्तमानपत्रात बातमी आली. मोठ्या दुर्बिणीतून नीट पाहिलं, कालवे नाहीत. नुसते ठिपके आणि डाग. लांबून बघताना माणसाचा डोळाच ते जोडतो आणि रेघ काढतो. पाववाल्यानं माझ्या दुकानात ती मोठ्यानं वाचली आणि गाव पोट धरून हसलं. ज्यांनी वेर्मूत ढोसून कालवे पाहिले होते ते सगळ्यात जास्त हसले.

दोत्तोरे दाढीला यायचा थांबला. शेवटी मीच त्याच्या घरी गेलो. खुर्चीत बसला होता, खुंट वाढलेले, दुर्बिणीवर चादर. मी साबण फासला, वस्तरा लावला, आणि हा माणूस एक शब्द बोलेना. मला भीतीच वाटली.

तेवढ्यात झेलिंदा आली. हातात झाकलेलं भांडं. पनिस्सा होती, तांदूळ आणि घेवड्याची, वर सॉसेजचे तुकडे. तिनं भांडं टेबलावर आपटलं.

“जेवत नाही म्हणे.”

“नव्हतेच गं ते, झेलिंदा,” तो म्हणाला. साबणातून आवाज पोरासारखा येत होता. “काहीच नव्हतं. ठिपके होते. एवढं आयुष्य मी ठिपके बघितले.”

“नव्हते कसे? मग माझ्या शेतात पाणी कुठून आलं?”

तो गर्रकन तिच्याकडे वळला. मी वस्तरा बाजूला केला, नाहीतर कापलं असतं. झेलिंदानं झाकण काढलं आणि त्याच्या हातात चमचा कोंबला.

“गार होतंय. मंगळाच्या पाण्यावरचा तांदूळ आहे, खा गुमान.”