आत्याची बेलगाम ग्रंथी

जबलपुरात नर्मदेच्या खालोखाल वेगानं वाहणारी कुठली गोष्ट असेल, तर ती म्हणजे माझी आत्या. नर्मदा निदान उन्हाळ्यात जरा दमानं घेते. आत्याचं तसं काही नव्हतं. शाळेत ती गणित शिकवायची, आणि पोरांनी फळ्यावरचं गणित वहीत उतरवून घ्यायच्या आत ते सोडवून पुसूनही टाकायची. त्यामुळे निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात तिचा वेग आणखी वाढला, तेव्हा घरात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. ऐन जानेवारीत ती पंखा पूर्ण वेगानं लावायची आणि आतोबा, म्हणजे तिचे यजमान, फॅक्टरीतून रिटायर झालेले अत्यंत सोशिक गृहस्थ, कानटोपी घालून दोन्ही हातांनी पेपर धरून ठेवायचे. त्यांचा हात बटणाकडे गेला रे गेला, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "पंखा काहून बंद करता? मी इथं भाजून राहिली!" चहा आणताना कप बशीवर खडखड वाजायचा. "हात थरथरतोय का गं?" मी एकदा विचारलं. "हात नाही, बशी बोगस आहे," आत्या म्हणाली.

याच काळात तिचं वजन भराभर उतरलं. जेवण दुप्पट झालं होतं, पण त्याकडे दुर्लक्ष करून तिनं सगळं श्रेय सकाळच्या दुधीच्या रसाला दिलं. मग काय विचारता! कॉलनीतल्या बाया रोज सकाळी तिच्या व्हरांड्यात जमू लागल्या आणि नाक दाबून तो हिरवा रस गिळू लागल्या. त्यांचं वजन हलेना. "श्रद्धा कमी पडते तुमची," आत्या त्यांना सांगायची.

नर्मदेच्या ग्वारीघाटावर मात्र बिंग फुटलं. मी आणि आतोबा अर्ध्या पायऱ्यांवर होतो, तोवर आत्या खाली जाऊन, दिवा सोडून, परत चढायला लागलीसुद्धा होती. चढता चढता ती मधल्याच पायरीवर मटकन बसली. चेहरा पांढरा पडलेला, हात छातीवर. "मी बसली रे," ती घाबरून म्हणाली, "पण काळीज धावूनच राहिलं."

डॉक्टरांनी नाडी पाहिली, गळा चाचपला, हात समोर धरायला लावून बोटांवर एक कागद ठेवला. तो कागद पिंपळपानासारखा फडफडला. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात टीएसएच जवळजवळ नव्हतंच. आत्याचा स्वाभिमान दुखावला. "कम है तो बढ़ाने की गोली दीजिए!" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "माताजी, टीएसएच दिमाग का हुक्म है। थायरॉइड इतना ज़्यादा काम कर रहा है कि दिमाग ने हुक्म देना ही छोड़ दिया।" आतोबा हळूच पुटपुटले, "आमच्या घरीही तसंच आहे."

थायरॉईडला लगाम घालणारी एक गोळी आणि धडधड कमी करणारी दुसरी, अशा दोन गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, घसा दुखला किंवा ताप आला तर पहिली गोळी थांबवा आणि लगेच येऊन रक्त तपासा. काही आठवड्यांत थरथर गेली, पण वजन परत येऊ लागलं आणि व्हरांड्यातल्या शिष्या आत्याच्या कमरेकडे संशयानं बघू लागल्या. मग एके दिवशी भाजीवाल्याशी भांडून आत्याचा घसा बसला. तिनं डॉक्टरांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग तंतोतंत पाळला. गोळी थांबवली. लगेच येण्याचा भाग ती सोयीस्कर विसरली, आणि धडधडीची गोळी तर कुणी न सांगताच सोडली.

महिन्याभरात काळीज पुन्हा उधळलं. रस वाटता वाटता हातातला जग सुटला आणि आत्या भिंतीला टेकली. आयुष्यात कधी आवाज न चढवलेले आतोबा सगळ्या बायांसमोर ओरडले, "दुधीपायी मरून राहिली का तू? मी कोणाकडं पाहून जगू?" आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तशीच रिक्षा करून दोघं डॉक्टरांकडे गेली. रक्त तपासलं, बोलणी खाल्ली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना बोलावून सांगून टाकलं, "दुधी से कुछ नहीं होता। मेरा थायरॉइड बढ़ा हुआ था।" शेजारची मिश्राइन अतिशय गंभीरपणे म्हणाली, "दीदी, ये थायरॉइड बढ़ता कैसे है? हमें भी बढ़ाना है।"

आता रिपोर्ट चांगला येतो, गोळीही कमी झाली आहे. परवा दुपारी गेलो, तर आत्या मला काहीतरी सांगता सांगता सोफ्यावरच झोपी गेली. आतोबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला आणि तिच्या अंगावर शाल घातली.

"बरी आहे आता," ते म्हणाले. शालीचं टोक सारखं केलं. "पण खरं सांगू का? दुपार लय मोठी होऊन राहिली रे आजकाल."