उजव्या फुफ्फुसातला पू

सीटी स्कॅनच्या खोलीत एकोणीस वर्षं काढूनही मावशींना वासाची काही सवय झाली नव्हती. टेक्निशियन म्हणून हात तयार, पण नाक भारी तिखट. बरोबरचे लोक त्यावरून चेष्टा करायचे.

त्या सकाळी एका म्हाताऱ्याला मुलगा-सून व्हीलचेअरवरून घेऊन आले. दार उघडताच कुजका भपकारा आला, कपाटामागे उंदीर मरावा तसा. मुलगा नाकाला रुमाल लावून दाराशीच थांबला.

"किती दिवस खोकतायत?" मावशींनी विचारलं.

"दोनेक महिने. दात घासायचा कंटाळा, म्हणून वास येतो. गच्चीवरची खोली दिलीय त्यांना."

"ताप?"

"असेल," सून म्हणाली. "ताट दारात ठेवतो. आत कोण जाणार?"

मावशींना वासापेक्षा या उत्तराचीच जास्त किळस आली. पण त्यांनी तरी वेगळं काय केलं? म्हाताऱ्याला घाईघाईने आडवं केलं, हात डोक्यावर घ्यायला लावले आणि काचेपलीकडे सटकल्या. माईकवरून म्हणाल्या, "श्वास रोखून धरा." म्हातारा खोकतच राहिला. चित्रं सगळी हललेली आली. त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

पुन्हा आत जाणं भाग होतं. त्या त्याच्या कानाशी वाकल्या. "आजोबा, समोर हा दिवा लागला की श्वास धरायचा. विझला की सोडायचा."

त्याने मान हलवली आणि ढास लागली. हिरवट-पिवळा बेडका मावशींच्या बाहीवर पडला. त्यांना उमासा आला, तो त्यांनी कसाबसा गिळला.

"माफ करा बाई. घाण झाली," म्हातारा ओशाळून म्हणाला.

"होऊ दे," म्हणत त्यांनी आधी त्याची हनुवटी पुसली, मग बाही.

या वेळी चित्रं स्वच्छ आली. उजव्या फुफ्फुसात लिंबाएवढी, जाड भिंतीची पोकळी. खाली पू, वर हवा, मध्ये सरळ आडवी रेघ. रेडिओलॉजिस्ट धावतच बाहेर आले. "जिवाणूंमुळे झालेलं गळू आहे. आजच दाखल करा. औषधांनी बरे होतील."

मुलाचा चेहरा पडला. "म्हणजे कॅन्सर नाही? आम्ही तोच धरून चाललो होतो. म्हटलं, या वयात कशाला चिरफाड, म्हणून थांबलो."

"कशाची वाट बघत थांबलात?" मावशींनी विचारलं.

त्यावर मुलगा मोबाइल बघू लागला आणि सून पर्स आवरू लागली. मावशी बेसिनशी जाऊन कोपरापर्यंत हात धूत राहिल्या. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

दोन महिन्यांनी आजोबा पुन्हा तपासणीला आले, एकटे, चालत. दवाखान्यातून सुटल्यावर ते थेट बहिणीकडे राहायला गेले होते. पोकळीच्या जागी बारीक व्रण तेवढा उरला होता. संध्याकाळी मुलाचा फोन आला. रिपोर्ट हवा होता त्याला.

"तो पेशंटलाच मिळतो," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.