दाजींची फुंकणी

लातूरची माणसं पाण्यासाठी तरसतात हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण हवेसाठी तरसलेला माणूस लातुरातच काय, अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईंचा, नवरा. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला 'साडूभाऊ' म्हणतात. हा शब्द उच्चारताना ते माझ्या छातीकडे अशा नजरेनं बघतात, की माझ्या फुप्फुसात पुरेशी हवा जातेय की नाही याची मलाच शंका येऊ लागते.

जगातल्या बहुतेक अडचणी हवा कमी पडल्यानं होतात, असं दाजींचं ठाम मत. चूल पेटत नाही? हवा कमी. पोरगं गणितात नापास झालं? खोलीला खिडकी एकच आहे. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात आचाऱ्याची भट्टी त्यांना मंद वाटली. त्यांनी मांडवातला उभा पंखा उचलून भट्टीच्या तोंडाशी लावला. जिलेबीची कढई अशी काही तापली, की पहिला घाणा काळा, दुसरा त्याहून काळा, आणि आचारी झारा घेऊन दाजींच्या मागं मांडवभर. घरच्या कूलरला त्यांनी कुठल्याशा गोदामातला पंखा बसवला होता. त्यापुढं बसून पेपर वाचणं शक्य नव्हतं, कारण पेपर आधीच शेजाऱ्याच्या गच्चीवर पोचलेला असे. एकदा औशाच्या बसस्टँडवर आम्ही चहा पीत होतो. समोर एक एसटी घरघरत उभी होती. दाजींनी कप माझ्या हातात दिला, जाऊन बॉनेटला कान लावला आणि डोळे मिटले. ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "काका, काय ऐकून राहिले?" दाजी डोळे न उघडता म्हणाले, "तुमच्या गाडीला दमा हाय." ड्रायव्हर म्हणाला, "मला बी हाय. सरका बाजूला."

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे आठशे सीसीची एक जुनी, पांढरी, चिमुकली मोटार. आता तिचा रंग पांढरा होता असं सांगावं लागतं. सपाटीवर ती बरी धावायची. पण लातूरहून आमच्याकडे नांदेडला येताना अहमदपूरच्या पुढं एक लांबलचक चढ लागतो, आणि तिथं तिचा जीव कासावीस व्हायचा. दाजी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचे, मग पहिल्यावर. ताई मांडीवरची पिशवी उगीच उचलून धरायच्या, जणू तेवढाच भार हलका व्हावा. उसाचे ट्रॅक्टर बाजूनं निघून जायचे आणि वर बसलेले ऊसतोडवाले खाली बघून हात करायचे. माझ्या घरी पोचल्यावर दाजी पाणी पिण्याच्या आधी सांगायचे, "साडूभाऊ, गाडीचा काय बी दोष न्हाई. तिला हवा कमी पडून राहिली."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. ते कधी मनावर घेतलं नाही. दाजींनी मात्र घेतलं होतं. निवृत्त झाल्यावर एक दिवस त्यांचा फोन आला. "सुपरचार्जर म्हणजे काय, म्हाईत हाय का?" मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मला वाटलं, मोबाईल लवकर चार्ज करणारं काहीतरी असेल. दाजी इतके हसले की फोन ताईंना द्यावा लागला. मग दाजींनी समजावून सांगितलं ते एवढंच: इंजिन आपल्या दमावर जेवढी हवा ओढतं, तेवढंच ते पळतं. इंजिनाच्याच पट्ट्यावर एक यंत्र फिरवायचं, ते जास्तीची हवा दाबून आत कोंबतं, हवेबरोबर पेट्रोलही जास्त जातं, आणि तीच गाडी दुसरी होते. परदेशात एवढ्याशा गाड्यांनाही कारखान्यातूनच असलं यंत्र बसवून देतात. अशाच एका मोडीत निघालेल्या जपानी गाडीचं यंत्र त्यांनी हैदराबादच्या भंगार बाजारातून मिळवलं होतं. ते गोणपाटात बांधून बसनं आलं. ताईंना वाटलं, बोअरची मोटर आली, शेवटी एकदा घरात पाणी येणार. गोणपाट सुटल्यावर त्यांनी विचारलं, "हे काय म्हणायचं?"

दाजी म्हणाले, "फुंकणी."

"चुलीची?"

"गाडीची."

ताईंनी पोर्चमधले पाण्याचे ड्रम सरकवून गाडीला जागा करून दिली. घरात सरकवण्यासारखं तेवढंच होतं.

त्यानंतर लातूरला जाणं म्हणजे दाजींच्या पायांना भेटणं झालं, कारण बाकीचे दाजी बॉनेटमध्ये असायचे. यंत्र इंजिनाला टेकवायला लोखंडी पट्टी लागते. ती करून द्यायला औसा रोडवरचे एक लेथवाले चाचा होते. दाजी पुठ्ठ्याचा नमुना कापून न्यायचे, चाचा त्याबरहुकूम पट्टी करायचे, आणि ती बसायची नाही. मग दोघं मिळून पुठ्ठ्याला दोष द्यायचे. पहिल्यांदा ती बसली तेव्हा यंत्राचं चाक आणि इंजिनाचं चाक एका रेषेत नव्हतं. गाडी सुरू झाली, दाजींनी जरा रेस दिली, आणि पट्टा निसटून कुंपणावरून उडाला तो शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर. काकू पट्टा दोन बोटांत धरून फाटकाशी आल्या. "भाऊ, हा तुमचा साप आमच्याकडं आला," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. पुढं दर उन्हाळ्यात त्या वाळवण घालण्याआधी कुंपणावरून विचारून घ्यायच्या, "आज चालू करणार हाव का?"

पण त्या घराच्या इतिहासात अजरामर झाली ती बीपीच्या घड्याळाची गोष्ट. आत किती दाबानं हवा जातेय हे दाखवायला गाडीत एक घड्याळ लागतं. लातुरात ते मिळेना. ताईंना रक्तदाबाचा त्रास, म्हणून घरात दंडाला पट्टा बांधून बघायचं यंत्र होतं. एका सकाळी ताईंनी डबी उघडली तर त्यात पट्टा होता, रबरी फुगा होता, घड्याळ नव्हतं.

"माझं बीपी कुठंय?"

"गाडीत हाय," दाजी म्हणाले. "दाब तो दाब. हवेचा काय अन् रक्ताचा काय."

दुसरा कोणी असता तर त्या दिवशी जेवला नसता. दाजींनी संध्याकाळपर्यंत एक नळी काढून अशी जोडणी केली, की ताईंनी गाडीत पुढच्या सीटवर बसायचं, दंडाला पट्टा बांधायचा आणि त्याच घड्याळावर आपला दाब बघायचा. त्यानंतर रोज सकाळी ताई वेणी घालून, चहाचा कप घेऊन गाडीत जाऊन बसायच्या. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं, बाई कुठंतरी निघाल्यात.

गाडी तयार झाली तेव्हा मी कामानं लातुरातच होतो. दाजी म्हणाले, "बसनं कामून जाता? आमी सोडतो." पुढं ते दोघं, मागं मी. गावातून जाताना बॉनेटखालून बारीक शिटीसारखा आवाज येत होता, लांबच्या पिठाच्या गिरणीसारखा. अहमदपूर मागं पडलं. चढ दिसायला लागला तशी ताईंनी सवयीनं पिशवी उचलली. दाजींचा हात गिअरवर गेला आणि तिथून परत आला. त्यांनी गिअर बदललाच नाही. शिटी चढत गेली, माझी पाठ सीटला टेकली, आणि ती चिमुकली गाडी अशी निघाली जणू तिला कुणी मागून ढकलतंय. उसाचा एक ट्रॅक्टर मागं पडला. मग दुसरा. पुढं एक एसटी होती, तीही मागं पडली, आणि तिच्या ड्रायव्हरनं मान काढून आमच्याकडं पाहिलेलं मी पाहिलं. ताई घड्याळावरचा आकडा मोठ्यानं वाचत होत्या. "एकशेदहा. एकशेतीस. एकशेपन्नास झालं. अहो, ह्याला गोळी सुरू करावी लागंल." मी हसून हसून बेजार झालो. दाजी हसत नव्हते.

वर पोचल्यावर त्यांनी एका लिंबाखाली गाडी थांबवली. उतरून ते रस्त्याच्या कडेला गेले आणि खालच्या शिवाराकडं तोंड करून उभे राहिले. मी दार उघडलं तशी ताई म्हणाल्या, "जाऊ नका, पाव्हणे. राहू द्या जरा."

मी बसून राहिलो. ताईच मग, समोर बघत, हळूहळू बोलत गेल्या. "यांचा नंबर लागला होता, पॉलिटेक्निकला. मेकॅनिकलला. सासरे म्हणले, टेलिफोनची नोकरी आलीय, ती घे. घेतली. लग्न झालं तवा मला म्हणले, दोन वर्षं करतो, मग रजा घेऊन शिकतो. मी इंजिन बनवणार हाय. मला काय कळत होतं? मी म्हणलं, बनवा." त्यांनी मांडीवरची पिशवी नीट केली. "लोकांचे फोन जोडण्यात निम्मी नोकरी गेली. मग मोबाईल आले. शेवटची वर्षं, जे स्वतःच्या हातानं जोडले तेच फोन काढत फिरले घरोघरी. घरी येऊन काय बी बोलायचे न्हाईत. नुसतं पंख्याखाली बसायचे."

दाजी परत आले. चेहरा नेहमीसारखाच होता. चावी फिरवण्याआधी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "साडूभाऊ, हे मी वीस वर्षांचा असताना व्हायला पाहिजे होतं." ताई म्हणाल्या, "आता झालं ना? मग चला. तिकडं भाजी थंड व्हायली." आमच्याकडं दाजी पोटभर जेवले आणि माझ्या बायकोला गॅसची शेगडी कमी हवा खाते म्हणून सांगून गेले.

ती गाडी त्या रूपात फार दिवस चालली नाही. इंजिनाला काही झालं नव्हतं. ताईंना झालं. रक्तदाबानं आतल्या आत मूत्रपिंडं खाल्ली होती. डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी दाजी त्यांना गाडीनं दवाखान्यात नेऊ लागले. मी पुढच्या वेळी गेलो तर गाडी पूर्वीसारखी, साध्या आवाजात सुरू झाली. यंत्र निघालं होतं. हवा-पेट्रोल मिसळणारं जुनं कार्बोरेटर जुन्या जागी होतं. मी विचारलं तर दाजी म्हणाले, "परत येताना हिला मळमळायचं. शिटीचा आवाज डोक्यात जायचा."

ताई आतून म्हणाल्या, "मी म्हणले का कधी, आवाज होतो म्हणून?"

"म्हणली न्हाईस."

"मग कामून काढलं? एवढं मरमर करून बसवलेलं."

दाजी नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ती कपाळाला हात लावून बसायची, साडूभाऊ. मला काय दिसत न्हाई व्हय?"

परवा मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो होतो. ताई आत होत्या, आम्ही दोघं बाहेर झाडाखाली गाडीत बसून होतो. दाजींनी मला त्या डायलिसिसच्या यंत्राची सगळी रचना समजावून सांगितली. रक्त कुठून येतं, कुठल्या नळीनं गाळणीत जातं, पंप कसा फिरतो. हातानं हवेत आकृत्या काढत होते, डोळे चमकत होते. मग एकाएकी हात खाली आले. "लई बारीक काम हाय," म्हणाले. "आपल्याला जमण्यासारखं न्हाई ते."

ताई बाहेर आल्या. त्यांना धरून पुढच्या सीटवर बसवलं. निघाल्या निघाल्या त्यांचा डोळा लागला. दाजी इतक्या हळू गाडी चालवत होते, की सायकली पुढं जात होत्या. एकेका खड्ड्याला वळसा घालत होते. मागून हॉर्न वाजत होते, रिक्षावाले बाजूनं जाताना काहीबाही बोलून जात होते. दाजी खिडकीतून हात काढून त्यांना पुढं जायला सांगत राहिले.

घर आलं. फाटकाशी गाडी थांबली. मी उतरणार तोच दाजींनी आरशातून मला मान हलवून थांबवलं. त्यांनी इंजिन बंद केलं नाही. "आवाज थांबला की हिला जाग येती," कुजबुजले. "झोपू द्या जरा."

आम्ही बसून राहिलो. समोर शेजारच्या काकू फाटकात आल्या, गाडीत डोकावून बघितलं आणि काही न विचारता आत गेल्या. दाजी समोर बघतच म्हणाले, "कुठंतरी लांब जायला पाहिजे होतं आमी."

"कुठं?"

"कुठं बी. तिनं कधी म्हणलं न्हाई. मी बी इचारलं न्हाई."

ताईंची मान खिडकीकडं कलली होती. दाजींनी आपल्या खांद्यावरचा पंचा काढला, त्याची घडी केली आणि अलगद काचेच्या आणि ताईंच्या डोक्याच्या मध्ये सरकवली. मग पुन्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, रस्ता समोर असल्यासारखे बसले. गाडी जागेवरच चालू होती.