दामोदर सरांचा उशीर

दामोदर सर जयनगरात आमच्या शेजारी राहायचे. मूळचे निपाणीकडचे, कॉलेजात जीवरसायन शिकवायचे. माणूस इतका भिडस्त, की भाजीवाल्यानं वजनात मारलं तरी ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणून पिशवी उचलायचा. वर्गात मात्र आवाज चढायचा, त्यातही एन्झाइमचा धडा असला की बघायलाच नको. लग्नघरात पाच बायका लाडू वळायला बसल्यात, असं ते सांगायचे. परातीत बुंदी थोडी असली तर हात रिकामे राहतात. बुंदी वाढवा, लाडू भराभर होतात. पण पाचीजणींचे हात भरले की मग पोतंभर बुंदी ओता, वेग तेवढाच. एन्झाइमचंही तसंच. आणि दोन जिन्नस एकाच एन्झाइमकडे आले, तर एन्झाइमला ज्याची ओढ जास्त तो सगळे हात अडवतो. दुसरा तसाच पडून राहतो.

चौसष्ट साली एका रविवारी हा धडा त्यांच्याच घरात येऊन उभा राहिला. बायकोचा धाकटा भाऊ कृष्णात त्यांच्याकडेच राहायचा, एका कारखान्यात सुतारकाम करायचा. आदल्या संध्याकाळी सोबत्यांच्या नादानं तो लाकडाच्या पॉलिशचं स्पिरिट प्यायला होता. सकाळी डोळ्यांपुढं धुकं दिसायला लागलं, तेव्हा त्यानं हळूच दाजींना सांगितलं. सरांना तोच धडा आठवला. ते स्पिरिट पोटात नुसतं पडून राहिलं तर डोळे घेत नाही. यकृतातलं एन्झाइम त्याचं जे विष करतं, ते डोळे घेतं. साधी दारू पाजली तर एन्झाइम तिच्यातच गुंतून राहील, आणि स्पिरिट हळूहळू अंगाबाहेर जाईल.

माझे वडील मिलिटरीतून निवृत्त झालेले, त्यांच्याकडे ब्रँडी असायची. सरांनी ती मागून घेतली आणि वडिलांना टॅक्सी शोधायला पिटाळलं. बाटली घेऊन सर घराकडे वळले, तर दारात त्यांच्या सासूबाई कृष्णाबाई आडव्या उभ्या. गळ्यात तुळशीची माळ, आणि नवरा दारूनंच गेलेला.

“ह्याच्या बापाला बाटलीनंच खाल्लं, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “आता पोराला तुम्ही पाजणार?”

दुसरा कुणी असता तर बाईला बाजूला सारून आत गेला असता. सर पायरीवर बसले आणि समजावू लागले. लाडू, बुंदी, हात, सगळं सांगून झालं. बाईंचे कान लाडवांकडे होते, पण नजर बाटलीवरून हलत नव्हती. मध्येच आतून सरांच्या बायकोचं, प्रतिमावहिनींचं, रडणं ऐकू आलं, सर उठले, पुन्हा बसले. टॅक्सी मिळेपर्यंत दुपार झाली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी दारूच दिली, शिरेतून. कृष्णात वाचला. डोळे मात्र गेले.

दारूनं नवरा नेला, पोराचे डोळेही नेले, असं कृष्णाबाई पुढं येईल त्याला सांगायच्या. मला त्यांचा संताप यायचा, अजूनही येतो. पण एका माणसाला बाटलीनं मरताना बघितलेल्या बाईनं कुठल्या भरवशावर दार सोडायचं? सर त्यांच्यासमोर एका अक्षरानं बोलले नाहीत. एन्झाइमचा धडा त्यांनी दुसऱ्या मास्तरांना देऊन टाकला. कृष्णात खुर्च्यांना वेत विणायला शिकला, आणि सर रोज सकाळी त्याचा हात धरून त्याला बसपर्यंत सोडू लागले.

अडुसष्टात कृष्णाबाई गेल्या. तेराव्याची मंडळी पांगल्यावर सर, कृष्णात आणि मी ओट्यावर बसलो होतो.

“दाजी,” कृष्णातनं विचारलं, “तवा आईला सारून तुम्ही मला पाजली असती, तर दिसलं असतं काय?”

सरांनी खोटं बोलावं असं मला फार वाटलं. जन्मभर त्यांनी कुणाचं मन दुखवलं नव्हतं.

“बहुतेक दिसलं असतं,” सर म्हणाले.



“आई असताना इचारलं न्हाई,” तो म्हणाला, “ते बरं केलं.”