दुप्पट दराचे बॉक्स

तिचा दर माझ्या दुप्पट होता आणि तरीही ऑर्डर तिलाच मिळाली, हे मला व्हाइटफील्डमधल्या एका ऑफिसात चहा पिता पिता कळलं. पंप बनवणाऱ्या कंपनीचं ते ऑफिस. त्यांच्या प्लँटमध्ये तयार झालेला प्रत्येक पंप बेंचवर चालवून बघतात. तो किती थरथरतो हे मोजणारे आठ बॉक्स त्यांना हवे होते. बाजारात मिळणारे त्या बेंचवर बसत नव्हते, म्हणून खास बनवून घ्यायचे होते. खरेदीचा अधिकारी पुण्याहून नुकताच आलेला, तिशीतला. मराठीत बोलायला मिळतं म्हणून मला बघितलं की खूश व्हायचा.

"काका, तुमचं कोटेशन बेस्ट होतं," तो म्हणाला. "पण प्लँटवाल्यांना मॅडमचेच बॉक्स हवेत. मी काय करणार?"

कुठल्या मॅडम, हे विचारायची गरज नव्हती.

सरकारी कारखान्यात मी पंधरा वर्षं काढली. ती माझ्या हाताखाली आली तेव्हा नुकती इंजिनियर झाली होती. चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातली, चार पिढ्या या कन्नड शहरातच गेलेल्या. मी निपाणीचा, त्यामुळे तिची ती कन्नड मिसळलेली मराठी मला घरच्यासारखी वाटायची. बाकी सगळ्यांना ती सर म्हणायची, मला अण्णा. सोल्डरिंग नीट झालंय की नाही हे नुसत्या नजरेनं कसं ओळखायचं, ते मी तिला शिकवलं. वर्षभरात ती मला माझ्या नजरेतून सुटलेले जोड दाखवायला लागली. मी हसून "शाब्बास" म्हणालो. पण त्या दिवशी डबा खायला मी तिच्या टेबलावर बसलो नाही, हेही मला आठवतं.

पुढे आम्ही दोघांनीही नोकरी सोडली. तिनं वडिलांच्या घराच्या तळमजल्यावर वर्कशॉप टाकलं, मी शिवाजीनगरात, पुण्याच्या नव्हे, इथल्या, एका दुकानाच्या माडीवर. कामं सारखीच: कुणाला आठ नग हवेत, कुणाला वीस. असल्या कामात पार्टचा खर्च फारसा नसतो. खरा खर्च डिझाइनचा आणि टेस्टिंगचा. हजार नग असतील तर तो वाटला जातो. आठच असतील तर सगळा त्या आठांवर बसतो आणि एकेका बॉक्सची किंमत ऐकून गिऱ्हाईक दचकतं. मी ते दचकणं टाळायचो. टेस्टिंगचे दिवस कमी करायचो, दर खाली आणायचो. ती एक दिवसही कमी करायची नाही. आणि लोक तिला तो दर द्यायचे! मला झोंबायचं ते हे. माझ्याशी पाच टक्क्यांसाठी तासभर घासाघीस करणारी माणसं तिच्यापुढे मुकाट्यानं सही करायची.

दोनेक महिन्यांनी त्या अधिकाऱ्याचा फोन आला. तिचे आठ बॉक्स प्लँटमध्ये बसवून झाले होते, आणखी बारा हवे होते. "मॅडमनी जादा दिलेला एक स्पेअर बॉक्स इथं आणून ठेवलाय. काका, तुम्ही जरा बघून सांगा ना, याच्यात एवढं महाग काय आहे?"

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. खरं सांगतो, मी चूक शोधायला गेलो होतो.

झाकण उघडलं. आतल्या तारा दोऱ्यानं बांधून एका रेषेत नेलेल्या, कुठंही ताण नाही, कुठं उगाच वळण नाही. प्रत्येक स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका, म्हणजे स्क्रू जरा जरी हलला तरी दिसावा. मी एक बंध सोडून खालची तार ओढून बघितली, आणि परत बांधला. भिंग काढून सगळे जोड बघितले. अर्धा तास बघत होतो. काही सापडेना तसतसं मला गरम व्हायला लागलं. कुणाचं चांगलं काम बघून आनंद व्हावा असं माझं वय आणि शिक्षण होतं. मला रडू येईल की काय असं वाटत होतं.

बॉक्सबरोबर एक फाइल होती. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात यादी होती, बनवताना काय काय चुकलं त्याची. दोन बोर्ड तापवल्यावर बंद पडले, कारण हे, बदलून पुन्हा तपासले. एक झाकण नीट बसलं नाही, नवं केलं. असली यादी गिऱ्हाइकाला कुणीच देत नाही. मी उभ्या जन्मात दिली नव्हती.

मी ते पान अधिकाऱ्यापुढे सरकवलं. "हे बघा. दोन बोर्ड गेले होते. तिनंच लिहिलंय."

"म्हणजे रिलाएबल नाही?"

आहे, म्हणूनच लिहिलंय, एवढंच सांगायचं होतं. मी नुसते खांदे उडवले.

बारा बॉक्सची ऑर्डर मला मिळाली. बायकोनं विचारलं, "एवढी मोठी ऑर्डर आणि तोंड का असं?" मी म्हटलं, दगदग झाली.

माझे बॉक्स टेबलावर उत्तम चालले. प्लँटमध्ये लावले आणि तीन आठवड्यांत तक्रार आली. आकडे उड्या मारत होते. चांगले पंप नापास होत होते आणि ते खोलून त्यात दोष शोधण्यात तिथल्या लोकांचे दिवस जात होते. मी दोनदा जाऊन आलो, चार बॉक्स परत आणले. माझ्या टेबलावर ठेवले की ते गुणी मुलांसारखे वागायचे. आठवडाभर मला काही सुधरेना. शेवटी एक बॉक्स पिशवीत घातला आणि रिक्षा करून चामराजपेटेला गेलो.

मला दारात बघून ती उठली. "या अण्णा. स्वल्प बसा, एवढं आवरते."

मी काय झालंय ते सांगितलं. तिनं बॉक्स उघडून चालू केला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं बोर्डवर हळूहळू टकटक करत गेली. एका ठिकाणी आकडा उडाला.

"हा मोठा कपॅसिटर नुसता दोन पायांवर उभा आहे," ती म्हणाली. "पंपाशेजारी दिवसभर हलून एक पाय आतून तुटला. बुडाशी चिकटवलं नाही?"

चिकटवलं नव्हतं. ते वाळायला एक दिवस जातो. तो दिवस मी कापला होता.

"हलवून किती तास बघितलं?"

"हलवलंच नाही."

तिनं बॉक्सचं बटण बंद केलं. मला वाटलं, आता सांगून टाकावं. "तुझ्या फाइलमधलं ते पान... ते त्या अधिकाऱ्याला मी दाखवलं."

"गोत्तु," ती म्हणाली. माहीत आहे. "दोन बोर्ड गेल्याचं मला ऐकवून त्यांनी तो स्पेअर बॉक्स माझ्याकडं परत पाठवला होता. आतला एक बंध कुणीतरी सोडून बांधलेला. ती उलटी गाठ तुमचीच, अण्णा. कारखान्यात आपल्या सेक्शनमध्ये दुसरं कुणी तशी मारत नव्हतं."

मी झाकण उचलून बॉक्सवर ठेवलं.

"दर जास्त वाटला तर मला विचारायचं. एकेक ओळ सांगितली असती, कशाला किती लागले." मग स्क्रूड्रायव्हर जागेवर ठेवत म्हणाली, "ती यादी मी आता कुणाला देत नाही. फक्त पास झाल्याचा कागद देते. तेवढ्यावर सगळे खूश असतात."

तिनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

उरलेले बॉक्सही मी परत आणले आणि बाराही माझ्या खर्चानं दुरुस्त केले. हलवून तपासायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं, तिच्याकडे होतं. चार दिवस मी तिच्या वर्कशॉपमध्ये बसून एकेक बॉक्स त्यावर चढवला. तिनं मला पूर्ण दर लावला. सवलत दिली नाही याचं मला वाईट वाटलं. दिली असती तर त्याहून जास्त वाटलं असतं. बॉक्स नेऊन लावले, ते आजही चालतात. सगळा खर्च धरला तेव्हा माझा बॉक्स तिच्या बॉक्सपेक्षा महाग पडला होता.

व्हाइटफील्डला जाऊन मी अधिकाऱ्याला खरं काय ते सांगितलं. त्या यादीचा अर्थ मी उलटा लावू दिला, पुढचं काम तिला द्या. त्यानं मान हलवली, "नो इश्यूज काका" म्हणाला, आणि पुढचं काम आम्हा दोघांपेक्षा स्वस्त अशा तिसऱ्याच कुणाला दिलं. याचा थोडा तरी आनंद मला झाला नाही, असं म्हणणं खोटं होईल.

यादीचं मी तिला नंतर दोनदा सांगून बघितलं, परत सुरू कर म्हणून. "सरी, बरं, बघू," म्हणते. अजून केलेली नाही.

गेल्या महिन्यात तिनं नवी जागा घेतली, त्या जागेच्या पूजेला मी आणि बायको गेलो होतो. तिनं पाहुण्यांशी माझी ओळख करून दिली, "हे माझे अण्णा, मला काम यांनी शिकवलं." लोकांनी नमस्कार केले. मी हसून नमस्कार घेतले आणि तेवढ्यात नजर खिडक्या, टेबलं, नवी यंत्रं मोजत फिरली. मागच्या खोलीत जाऊन कपाटावरून बोट फिरवून धूळ आहे का, तेही बघितलं. नव्हती.

परतताना रिक्षात बायको म्हणाली, "छान आहे नाही जागा? मोठी आहे."

"लहान आहे," मी म्हटलं. लहान नव्हती.