दारुड्याचं काम

कुरखेड्याच्या पुढे, धानाच्या बांध्यांमधल्या एका गावात आम्ही दारू सोडवण्याचं शिबिर घेतलं, ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. मी संस्थेची कार्यकर्ती, मूळची चंद्रपूरची, जिभेने तिखट. जिल्ह्यात दारूबंदी होऊन काही वर्षं झाली होती, पण ती बातमी मोहाच्या झाडांपर्यंत पोचली नव्हती.

समाजमंदिरात पंधरा पुरुष दहा दिवस राहिले. आधी थरथर आणि घाम, मग शिव्या, आणि सरतेशेवटी अशी भूक की स्वयंपाकाच्या बायका वैतागल्या. खरं काम त्यानंतर सुरू झालं. दर बुधवारी बैठक. तिची सुरुवात अशी की बायकोने नवऱ्याच्या तोंडाचा वास घ्यायचा आणि सगळ्यांसमोर सांगायचं. ती 'साफ' म्हणाली की टाळ्या. हा नियम माझा, आणि मला त्याचा भारी अभिमान होता. पहिल्या बुधवारी बायका लाजून चूर झाल्या. महिन्याभरात ज्यांचे नवरे कधी पीतच नव्हते, त्याही वास घ्यायला येऊन उभ्या राहायला लागल्या.

या पंधरांत एक विटाभट्टीवर राबणारा होता. चाळिशीचा, अंगाने काडी. हिवाळ्यात शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या वेळी गावाचं नाटक व्हायचं, पडदे आणि नट्या वडशाहून यायच्या, आणि नाटक कुठलंही असो, त्यात याच्यासाठी एक दारुडा घुसवलेला असायचा. ते काम तो खरोखरची पिऊन करायचा. आसपासच्या गावांतून लोक त्याच्यासाठी बंड्या जुंपून यायचे.

दिवाळी झाली, तालमी सुरू झाल्या आणि हा बैठकीत खाली मान घालून बसायला लागला. एकदा शेवटी बोलला.

"बाई, पेल्याबिगर मी स्टेजवर कधी चढलोच नाई. कोरडा चढलो अन् लोक हासलेच नाई तं?"

"मग यंदा काम सोडा," मी म्हणाले. मला ते अगदी सोपं वाटत होतं.

बाकीचे चौदा एकदम उसळले. "त्याले नाटकातून काढता काऊन? घरी बसून तं तो पक्का पेते!" मी आवाज चढवला. बरंच ओरडल्यावर लक्षात आलं की कुणी ऐकत नाही, तेव्हा मी माघार घेतली. ठरलं ते असं. त्याने काम करायचं, गटातल्या पाच जणांनी पडद्यामागे पहारा द्यायचा, आणि नाटकातल्या बाटलीत त्याच्या बायकोने घरून कोरा चहा भरून आणायचा.

नाटकाला मी त्याच्या बायकोशेजारी, अगदी पुढे, सतरंजीवर बसले होते. तो आला. पाय तिरपे, डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड. मंडपात हशा उसळला. पण शिबिराच्या पहिल्या दिवशी त्याला बंडीतून उतरवला होता, तो हुबेहूब असाच. शेजारी त्याच्या बायकोचं हसू थांबलं.

"बाई, हा पेला आहे जी."

 माझ्या मनात आलं, मी सांगतच होते. आपलं खरं ठरल्याचा मला क्षणभर आनंद झाला. त्याची लाज मला आजही वाटते.

ती उठली, पदर खोचला आणि पेटीवाल्याला ओलांडून थेट पडद्यामागे शिरली. मी तिच्या मागे. तो नुकताच आत येऊन घाम पुसत होता. पहाऱ्याचे पाचही जण बाजूला झाले.

"आ करा."

रंग फासलेल्या तोंडाने त्याने निमूटपणे आ केला. तिने वास घेतला. विश्वास बसेना म्हणून पुन्हा घेतला.

"चाय आहे," ती म्हणाली. "अन् बिडी." मग एकदम हळू, "साफ." आणि कपड्यांच्या पेटीवर बसून रडायला लागली.

त्याला तिच्या रडण्याचं काही नव्हतं. "लोक हासले का?" तो विचारत होता.

"मी भ्याली ना जी! अजून काय पायजे तुमाले?"

तो पुढच्या प्रवेशाला गेला. तिने डोळे पुसले, पदराची गाठ सोडली आणि त्यातली नोट माईकवाल्याच्या हातात दिली. आमच्याकडे काम आवडलं की चालू नाटकात बक्षीस पुकारतात. माईकवाल्याने तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "दारू न पेता दारुड्याचं काम केल्याबद्दल, घरच्या बाईकडून दहा रुपये!"

तो जागीच थांबला. पिऊन कधी एक वाक्य न विसरलेला माणूस सगळं विसरला. हातात बाटली, दोन्ही पाय जुळवून सरळ उभा, आणि नजर पडद्याआड तिला शोधत होती. प्रॉम्प्टरने वाक्य सांगितलं, पुन्हा सांगितलं, शेवटी वैतागून ओरडला, "अरे, डोल ना! तू पेला आहेस!"

"नाई पेलो," तो माईकमध्ये म्हणाला.

त्या वाक्याला वन्स मोअर मिळाला, आणि पहिला आवाज माझा होता.